पायवाट आणि सातबारा

नाशिकचे नाव उच्चारताच गोदावरीचे घाट, पंचवटीतील देवळे आणि द्राक्षांचे हिरवेगार मळे डोळ्यांपुढे उभे राहतात. यात्रेकरू येतात, व्यापारी येतात, कारखान्यांत काम शोधणारे तरुण येतात. परंतु याच जिल्ह्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. शहराच्या पश्चिमेला आणि वायव्येला सह्याद्रीच्या रांगा एकमेकींत गुंतत गुजरातच्या सीमेपर्यंत गेल्या आहेत. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके या रांगांच्या कुशीत वसले आहेत. कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी जमाती येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत. सुरगाणा हे तर पूर्वी एक छोटेसे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढे नाशिक जिल्ह्याचा भाग बनले.

नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात मळ्यांची सपाटी मागे पडते. सावळघाटाची वळणे सुरू होतात. एका बाजूला काळा कातळ आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. मोठ्या रस्त्यापासून एखादी अरुंद सडक फुटते, तिच्यापासून बैलगाडीची वाट निघते आणि त्या वाटेचीही पुढे पायवाट होते. ती पायवाट टेकडीला वळसा घालून, ओढा ओलांडून जेथे संपते, तेथे दहा-वीस घरांची वस्ती दिसते. या वस्तीला पाडा म्हणतात. असे चार-सहा पाडे मिळून एक गाव होते. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर हाक ऐकू येते, पण जायचे झाले तर दरी उतरून पुन्हा चढावी लागते. ‘आलोच’ म्हणून निघालेल्या माणसाला पोहोचायला अर्धा तास सहज लागतो.

पाड्यावरचे जुन्या पद्धतीचे घर पाहण्याजोगे असते. सागाचे किंवा ऐनाचे खांब, कारवीच्या काठ्या बांधून केलेल्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा लेप आणि वर कौले. आत शिरले की डोळ्यांना काही क्षण अंधारच दिसतो. मग हळूहळू एकेक वस्तू उमटू लागते. एका कोपऱ्यात चूल, तिच्याजवळ पाण्याचे हंडे, भिंतीशी जाते, आढ्याला टांगलेली बियाण्याची गाडगी किंवा मक्याची कणसे, खुंटीला विळा आणि कोयता. घराच्या मध्यभागी कणगी असते. बांबूच्या कामट्यांची विणलेली आणि शेणाने लिंपलेली ही उंच टोपली म्हणजे घराची तिजोरीच होय. तिच्यात नागली असते. नागलीचा दाणा मोहरीएवढा बारीक. परंतु नीट वाळवून ठेवला तर त्याला कीड लागत नाही आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून ज्या घरची कणगी भरलेली, त्या घराला पुढच्या पावसाळ्याची धास्ती नसते. आता पुष्कळ पाड्यांवर सिमेंटची पक्की घरकुले झाली आहेत, विजेचा दिवा आला आहे, तरुणांच्या खिशात मोबाइल आहे. तरीही घरातल्या वडीलधाऱ्या बाईची नजर आधी कणगीकडे जाते.

येथील वर्ष पावसाच्या हिशोबाने चालते. उन्हाळ्यात राब भाजण्याचे काम निघते. रोपे करावयाच्या जागेवर पालापाचोळा, काट्याकुट्या, गवत आणि शेण पसरतात आणि ते पेटवून देतात. त्यामुळे तणाचे बी जळून जाते आणि राखेचे खत मिळते. पहिला पाऊस पडला की त्या जागी बी पेरायचे. रोपे हातभर झाली की ती उपटून शेतात लावायची. या लावणीला येथे आवणी म्हणतात. त्या दिवसांत पाऊस थांबण्याची वाट पाहून चालत नाही. भर पावसात, चिखलात वाकून बायामाणसे दिवसभर रोपे लावीत असतात. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, अशी पाळी धरून सगळा पाडा एकमेकांच्या बांधावर राबतो. मजुरीला पैसा नाही, पण हातांची उसनवारी आहे. आज दिलेले हात उद्या परत मिळतात.

डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीला वरकस जमीन म्हणतात. तिच्यात एकच पीक सतत घेता येत नाही. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, आणि मग काही काळ जमिनीला विसावा. खुरासणीची पिवळी फुले उमलली की उतार हळदीने माखल्यासारखे दिसतात. विसाव्याच्या काळात तेथे गवत माजते, झुडपे उगवतात. अनोळखी माणसाला वाटावे, ही जमीन कोणाचीच नाही. शेतकऱ्याला मात्र ठाऊक असते, की ती आपली असून सध्या झोपली आहे. या साध्या गोष्टीतून पुढे केवढा गुंता झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

पाड्यावरच्या माणसाची मालमत्ता मोजायला बसले तर ती बोटांवर संपेल. एक घर, बैलजोडी असली तर असली, चार शेळ्या, काही कोंबड्या, कणगीतले धान्य आणि डोंगरावरचा तुकडा. याशिवाय एक मालमत्ता अशी असते, की जिची कोठेच नोंद नसते. रानातला अमुक मोह अमक्या घराने वेचायचा, तमक्या आंब्याचे आंबे तमक्याने उतरवायचे, हे रिवाजाने ठरलेले असते. त्या झाडांना कुंपण नसते आणि त्यांवर नावाची पाटी नसते. तरी पहाटे मोहाची फुले वेचायला निघालेली बाई दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली ठेवीत नाही. गावाच्या शिवेवर वाघदेव असतो. दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघ, नाग, चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी आणि गावकरी तेथे जमतात, आणि आपल्या गुराढोरांचे रक्षण कर असे त्याला विनवितात. त्या दगडाने गावाची हद्द सांगितली, की त्या हद्दीवर वाद नाही. माणसांची आठवण, शेजाऱ्यांची साक्ष आणि देवाचा दगड, एवढ्यांवर येथील मालकी उभी होती.

परंतु माणसाचे जीवन केवळ पाड्यात पुरे होत नाही. मीठ, तेल आणि कापड यांसाठी आठवड्याच्या बाजाराला जावे लागते. आजारी माणसाला दवाखान्यात न्यावे लागते. मुलांना आश्रमशाळेत पोहोचवावे लागते. पूर्वी हा सारा प्रवास पायीच होई. १ जून १९४८ रोजी राज्यात एस. टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढे ती हळूहळू तालुक्याच्या गावांपर्यंत आली. तेथून पाड्यापर्यंतची वाट मात्र पायांनाच तुडवावी लागे. आजही काही पाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही. मग रुग्णाला घोंगडीच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन, चार माणसे मोठ्या रस्त्यापर्यंत चालतात. खांदेकरी वाटेत बदलतात, पण पाय थांबत नाहीत. पाड्यावर कोणाच्या घरी झोळी बांधावी लागली, तर हाक मारावी लागत नाही; माणसे आपणहून येतात.

पाण्याची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. पेठच्या बाजूला नाशिक शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. नार, पार, दमणगंगा या नद्या दुथडी भरून पश्चिमेकडे धावतात आणि गुजरातमधून वाहत अरबी समुद्राला मिळतात. पण जमीन उताराची आणि खाली कातळ, त्यामुळे पडलेले पाणी मुरत नाही आणि थांबतही नाही. ज्या डोंगरांवर आषाढात ढग उतरलेले असतात, त्याच डोंगरांवर वैशाखात बायका हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाड्याच्या बायका पाण्यासाठी तास नदीची खोल घळ केवळ लाकडी बल्ल्यांवरून ओलांडीत असत. डोक्यावर हंडे आणि पायांखाली बल्ली, असे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा शहरांतल्या लोकांना हा रस्ता प्रथम दिसला. २०२२ च्या जानेवारीत तेथे लोखंडी पूल उभारण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या जुलैमधल्या पुरात तो वाहून गेला. डोंगरातल्या वाटेला निसर्गाची परवानगी लागते, ती अशी.

दिवाळी झाली, नागली-भात घरात आले, की पाड्यांवरून माणसांची दुसरी वाट सुरू होते. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्षमळ्यांत छाटणीपासून खुडणीपर्यंत कामाला हात हवे असतात. नवराबायको लहान मुलाला कडेवर घेऊन, भांडीकुंडी गाठोड्यात बांधून निघतात. नाशिकजवळच्या गिरणारे गावी सकाळी मजुरांची गर्दी जमते. मळेवाले येतात, मजुरीचा दर ठरतो आणि टोळ्या निरनिराळ्या दिशांना पांगतात. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पेटीत या डोंगरातल्या हातांचे कष्ट असतात. पण ते पेटीवर लिहिलेले नसते. चार महिने दुसऱ्याच्या मळ्यात राबून माणूस परत येतो तो एकाच ओढीने. पाऊस पडण्याआधी आपल्या तुकड्यावर राब भाजायचा असतो.

हा ‘आपला तुकडा’ खरोखर कोणाचा, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ सुटला नव्हता. इंग्रज सरकारने १८७८ साली आणि पुन्हा १९२७ साली वनांविषयी कायदे केले. जहाजे, रेल्वे आणि इमारती यांसाठी लाकूड हवे होते. म्हणून मोठमोठी जंगले राखीव झाली आणि त्यांची मालकी सरकारकडे गेली. नकाशावर सीमेची रेघ ओढली गेली, आणि त्या रेघेच्या आत पाड्यावरच्या माणसांची वरकस शेतेही आली. विसावा घेणारी जमीन नकाशा करणाऱ्याला ओसाड दिसली, तर त्यात नवल नाही. कारण रिवाज नकाशात दिसत नाही. काल जो शेतकरी होता, तो कागदावर अतिक्रमण करणारा ठरला.

स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला. ‘कसेल त्याची जमीन’ हे त्याचे तत्त्व होते. १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन मानला गेला, आणि त्या दिवसापासून राज्यातील असंख्य कुळे जमिनीची मालक झाली. परंतु तो कायदा खाजगी मालकाच्या जमिनीसाठी होता. डोंगरातल्या या तुकड्यांचा मालक म्हणून सरकारी वनखात्याचेच नाव होते; त्यामुळे येथे कसणाऱ्याच्या पदरी काहीच आले नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर त्याचे नाव नव्हते. सातबारा म्हणजे जमिनीची जन्मपत्रिकाच होय. जमीन कोणाची, किती आणि तिच्यात कोणते पीक, हे सारे त्यावर असते. सातबारा नसेल तर बँक कर्ज देत नाही, पीक बुडाले तर भरपाई मिळणे अवघड होते, आणि विहीर खणायची म्हटले तरी परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

वनरक्षकाचेही काम सोपे नव्हते. जंगल राखणे हे त्याचे कर्तव्य होते, आणि जंगल राहिले नाही तर डोंगराची माती पावसात वाहून जाईल हेही खरे होते. तो येई, शेत पाही आणि दंड करी. शेतकरी दंड भरी आणि पावती घरी नेई. त्या पावत्या कोणी आढ्याला खोचून ठेवल्या, कोणी पत्र्याच्या पेटीत. वाचता येत नसतानाही कागद टाकून द्यायचा नाही, एवढे मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

पुढे २००६ साली संसदेने वनहक्क मान्य करणारा कायदा केला आणि २००८ च्या आरंभापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. अनुसूचित जमातींवर आणि वनांत राहणाऱ्या इतर लोकांवर पूर्वी अन्याय झाला, हे या कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत असेल, त्याचा तिच्यावरील हक्क मान्य करावा, असे त्यात ठरले. मर्यादा चार हेक्टरांची, म्हणजे सुमारे दहा एकरांची. हा हक्क वारसाने मुलांकडे जातो, पण जमीन विकता येत नाही. अडलेल्या वेळी कोणी सावकार ती गिळू नये, हा त्यातील हेतू. आणि हक्काच्या कागदावर पतीबरोबर पत्नीचेही नाव घालावे लागते. चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बाईचे नाव प्रथमच जमिनीच्या कागदावर आले. ही गोष्ट लहान नाही.

या कायद्यात आणखी एक सुंदर गोष्ट आहे. हक्काच्या चौकशीची सुरुवात ग्रामसभेपासून होते. गावचे लोक आपली वनहक्क समिती निवडतात. तिच्या सभासदांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. समिती शेतावर जाते, जमीन मोजते, नकाशा काढते. पुरावा म्हणून सरकारी दप्तर चालते, तसेच जमिनीवरचे बांध, विहीर, जुने घर अशा खुणाही चालतात. एवढेच नव्हे, तर गावातल्या वृद्ध माणसांनी सांगितलेली हकीकत लिहून घेतली, तर तीही पुरावा ठरते. मात्र एकापेक्षा अधिक पुरावे लागतात. त्यानंतर प्रकरण उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जाते.

मग डोंगराडोंगरांतून एक वेगळेच दृश्य दिसू लागले. ज्यांना आजवर कोणी काही विचारले नव्हते, असे म्हातारे काठी टेकीत शेताच्या बांधावर येऊन उभे राहिले. हा बांध कोणी घातला, तो आंबा कोणाच्या आजाने लावला, कोणत्या दुष्काळात येथे काय पिकले, हे ते सांगू लागले, आणि शाळेत शिकलेली मुले ते कागदावर उतरवू लागली. म्हाताऱ्यांची आठवण आणि मुलांचे अक्षर एकत्र आले, तेव्हा कोठे दावा पुरा झाला. आढ्यातल्या जुन्या पावत्याही बाहेर निघाल्या. दंड भरल्याची पावती म्हणजे त्या वर्षी ही जमीन हाच माणूस कसत होता, याची लेखी साक्षच. ज्या कागदाने त्याला अपराधी ठरविले होते, तोच कागद त्याच्या बाजूने बोलू लागला.

तरीही कागद सहजासहजी हाती आला नाही. पुष्कळ दावे पडून राहिले, पुष्कळ फेटाळले गेले. काहींना हक्क मिळाला, पण कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्राचा. तालुक्याच्या कचेरीला एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे आणि गाडीभाड्याचा भुर्दंड. गेल्यावर साहेब दौऱ्यावर असले, तर दुसरा हेलपाटा. शहरातल्या माणसाला कचेरी रस्त्याच्या पलीकडे असते, तेव्हा त्याला हे अंतर कळणे कठीण. पाड्यापासून न्याय किती दूर आहे, हे पाय मोजतात.

अखेर ६ मार्च २०१८ रोजी नाशिक शहरातून हजारो शेतकरी मुंबईकडे पायी निघाले. किसान सभेने काढलेल्या या मोर्च्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. वनजमिनीचा हक्क ही त्यांची एक मुख्य मागणी होती. नाशिक ते मुंबई हे अंतर सुमारे १८० किलोमीटर. डोक्यावर लाल टोप्या, खांद्यावर शिदोरीची पिशवी आणि पायांत झिजलेल्या चपला. कित्येकांच्या पायांत त्याही नव्हत्या. इगतपुरी मागे पडली, कसारा घाट उतरला, शहापूर, भिवंडी, ठाणे असे मुक्काम होत गेले. मार्चचे ऊन आणि तापलेला डांबरी रस्ता यांनी पायांना फोड आले. डोंगरातल्या मऊ वाटेवर चालणाऱ्या पायांना तो रस्ता परका होता. वाटेत संख्या वाढत गेली, आणि मुंबईच्या वेशीशी येईपर्यंत ती तीस-चाळीस हजारांवर पोहोचल्याचे सांगण्यात आले.

११ मार्चला मोर्चा शीव येथील मैदानावर मुक्कामास होता. दुसऱ्या दिवशी सोमवारी दहावीच्या परीक्षेचा पेपर होता. सकाळी एवढी माणसे रस्त्यावर आली, तर वाहने अडकतील आणि मुलांना परीक्षेला वेळेवर पोहोचता येणार नाही, हा विचार पुढे आला. दिवसभर चालून थकलेली ती माणसे मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली. झोपलेल्या शहरातून रांगेने चालत, पहाट होण्यापूर्वी ती आझाद मैदानावर जाऊन पोहोचली. सकाळी मुले परीक्षेला निघाली, तेव्हा रस्ते मोकळे होते. ज्यांच्या स्वतःच्या मुलांना शाळेसाठी ओढे ओलांडावे लागतात, त्यांना दुसऱ्यांच्या मुलांची वाट अडविणे बरे वाटले नाही.

मुंबईनेही या सौजन्याची जाण ठेवली. रस्त्याच्या कडेला लोक पाणी, बिस्किटे, भाकरी घेऊन उभे राहिले. कोणी औषधे आणली, कोणी फोड आलेल्या पायांना मलम लावले, कोणी नव्या चपला पुढे केल्या. त्याच दिवशी सरकारशी बोलणी झाली आणि वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकालात काढण्याचे लेखी आश्वासन मिळाले. परत जाण्यासाठी खास रेल्वेगाड्या सोडण्यात आल्या. जे अंतर तोडायला सहा दिवस लागले होते, ते काही तासांत सरले. तथापि, सारेच दावे काही मुदतीत सुटले नाहीत. २०१९ च्या फेब्रुवारीत आणि २०२३ च्या मार्चमध्ये याच जिल्ह्यातून पुन्हा माणसे पायी निघाली. प्रश्न जुना असला, की त्याला एकच फेरी पुरत नाही.

असा प्रश्न केवळ नाशिकच्या डोंगरांतच आहे असे नाही. हजारो बेटांच्या इंडोनेशिया देशात दूरदूरची खेडी अशीच जंगलांच्या आधाराने राहतात. तेथेही जमीन, झाडे आणि पाणी यांची वाटणी पूर्वजांच्या रिवाजाने होते. त्या रिवाजाला ते लोक ‘आदत’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी; हिंदीत सवय या अर्थाने आपण जो ‘आदत’ शब्द ऐकतो, तोच समुद्र ओलांडून तेथे गेला आणि कायद्याएवढा मोठा झाला. तेथेही सरकारने जंगले आपल्या मालकीची मानली होती. २०१३ साली त्या देशाच्या घटना न्यायालयाने निर्णय दिला, की रिवाजाने चालत आलेली गावांची जंगले ही सरकारी जंगले नव्हेत. तेथेही निर्णयानंतरची वाट लांबचीच आहे. एकेका गावाला आपला हक्क सिद्ध करावा लागतो. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली आपल्या परिसरातील सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते गाव आपले निर्णय सर्वांच्या संमतीने घेण्यासाठी आणि जंगल राखण्यासाठी प्रसिद्ध आहे. हक्क मिळाला म्हणजे जंगल जाईलच, ही भीती खरी असलीच पाहिजे असे नाही, हे त्यावरून दिसते.

कागद मिळाल्याने डोंगरातले जीवन एका रात्रीत बदलत नाही. पाऊस तसाच कोसळतो, उतारावरून पाणी तसेच निसटते, आणि दिवाळीनंतर गिरणाऱ्याची वाट पुष्कळांना धरावीच लागते. परंतु ज्याच्या हाती हक्काचा कागद आला, तो शेतात बांध घालताना मागे वळून पाहत नाही. तो आंब्याची कलमे लावतो. कलमाला फळ यायला काही वर्षे लागतात. उद्या हाकलून लावतील अशी धास्ती असणारा माणूस कलम लावीत नाही. तो एक हंगामाचे पीक घेतो आणि निघून जाण्याची तयारी ठेवतो. मालकीचा खरा अर्थ येथे कळतो. भविष्यकाळाकडे निर्भयपणे पाहण्याची मुभा, हाच तो अर्थ होय.

साग कितीही उंच वाढला, तरी तो मुळांवर उभा असतो. डोंगरातल्या या माणसांची मुळे जमिनीत फार पूर्वी गेली होती; कागदाने ती फक्त मान्य केली. त्या मान्यतेसाठी म्हाताऱ्यांनी आठवणी दिल्या, मुलांनी अक्षरे दिली, बायकांनी आपली नावे दिली आणि साऱ्यांनी मिळून आपले पाय दिले. नाशिकच्या बाजारात नागलीचे पीठ किंवा डोंगरचा आंबा हातात घेताना एवढे लक्षात असावे, की तो पिकविणाऱ्याच्या घरापर्यंत जाणारी पायवाट फार अरुंद आहे, आणि तिच्यावरून चालत आलेली माणसे स्वभावाने फार रुंद आहेत.